कोट्यात चार दिवस

मुंबई सेंट्रलहून रात्री सुटलेली गाडी सुरत, बडोदा, रतलाम, नागदा अशी मोठी स्टेशने मागे टाकीत राजस्थानात शिरते. वाटेत भवानी मंडी नावाचे एक गमतीचे स्टेशन लागते. दोन राज्यांची हद्द त्या स्टेशनातूनच गेली आहे. एक भाग मध्य प्रदेशात, दुसरा राजस्थानात. त्यानंतर रामगंज मंडी येते. या भागात दगडाच्या खाणी आहेत. आपल्या चाळींतून, शाळांच्या व्हरांड्यांतून, सरकारी दवाखान्यांतून जी निळसर-हिरवी गुळगुळीत फरशी असते, जिला आपण नुसते ‘कोटा’ म्हणतो, ती येथलीच. माझे मेहुणे रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहेत. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “ताई, आपल्या खोलीत हीच बसवलीय ना? मोरीपर्यंत.” त्यानंतर कोटा येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. फक्त पायाजवळची लाडवांची पिशवी दोनदा सरळ केली.

आम्ही 2025 च्या डिसेंबरात गेलो. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तेथे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते. बारावी झाली, पहिल्या खेपेस गुण कमी पडले, म्हणून एक वर्ष थांबून ती पुन्हा बसणार. अशा मुलांना तेथे ‘ड्रॉपर’ म्हणतात. बहिणीला कामावरून रजा मिळेना, म्हणून मेहुण्यांबरोबर मी निघाले. पतपेढीचे कर्ज, बहिणीच्या पाटल्या आणि थोरल्या दिरांनी दिलेले तीस हजार, एवढ्यावर हे वर्ष उभे आहे. आपल्या वस्तीतून आता दरवर्षी दोन-चार मुले कोट्याला जातात, त्याहून अधिक लातूरला आणि नांदेडला. म्हणून हे गाव कसे आहे आणि तेथे आपल्या मुलांच्या मनाचे काय होते, ते वाचक बंधू-भगिनींना सांगावेसे वाटले.

कोटा हे चंबळ नदीच्या काठचे जुने संस्थानी गाव. हाडा चौहानांची येथे गादी होती. नदीवर 1960 साली पूर्ण झालेले मोठे धरण आहे, काठाशी वीज केंद्राच्या उंच चिमण्या आहेत. पाण्यात मगरी आहेत असे रिक्षावाल्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. पण आज हे गाव ओळखले जाते ते शिकवण्यांसाठी, आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. जे. के. सिंथेटिक्स या कारखान्यात विनोदकुमार बन्सल नावाचे एक अभियंता होते. स्नायू हळूहळू दुर्बल होत जाण्याचा आजार त्यांना जडला. हिंडणेफिरणे अवघड होत चालले तेव्हा, ऐंशीच्या दशकात, ते घरच्या घरी मुलांना गणित शिकवू लागले. त्यांची मुले आयआयटीत लागू लागली तशी गर्दी वाढली, आणि त्यांच्या पाठोपाठ इतरांचे क्लास निघाले. बन्सल सर 2021 साली वारले. दरम्यान 1997 साली तो कारखानाच बंद पडला आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. ज्यांनी आपल्या गिरणगावाचे हाल पाहिले आहेत त्यांना अधिक सांगायला नको. फरक एवढाच की कोट्याला दुसरा धंदा सापडला. गावात घरोघरी खोल्या भाड्याने देणे सुरू झाले, मग खानावळी, मग टोलेजंग वसतिगृहे. भरभराटीच्या काळात, 2022-23 च्या सुमारास, दोन लाखांच्या आसपास मुले तेथे शिकत होती. पुढे ती संख्या घटली आणि आज पुष्कळ इमारतींवर ‘रूम खाली है’ अशा पाट्या दिसतात.

स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर मुलांचे चेहरे दिसू लागतात. खांबांवर, भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर, पुलांच्या कठड्यांवर. कोणाचा देशात तिसरा नंबर, कोणाचा सतरावा. सगळे हसताहेत. तळवंडी, महावीर नगर, राजीव गांधी नगर, जवाहर नगर अशा वस्त्यांमधून आम्ही चार दिवस पायी हिंडलो. एका चेहऱ्याच्या दोन क्लासांच्या जाहिराती पाहून मेहुणे थबकले होते. खाली चहाच्या टपरीवर खरी मुले उभी असतात. पाठीवर क्लासची एकसारखी दप्तरे, पायात चपला, डोळ्यांखाली काळे. टपरीवर उभे राहूनही ती वही उघडतात.

भाचीचे वसतिगृह चार मजली, स्वच्छ. खोलीत दोन कॉट, दोन टेबले, एक खिडकी. तिच्या टेबलासमोर भिंतीवर वेळापत्रक, त्याखाली बाबासाहेबांचे छोटे चित्र. “जयभीम मावशी,” म्हणत ती पाया पडली, बापाकडे पाहून हसली. “कशी आहेस?” “बरीय.” “जेवण?” “बरंय.” “अभ्यास?” “चाललाय.” मेहुण्यांनी लाडू काढले. पाचच मिनिटांत आमचे बोलणे संपले.

तिची सोबतीण बिहारकडची. तिने मात्र आम्हांला अर्ध्या तासात सर्व सांगितले. खानावळीची डाळ पाण्यासारखी असते, भौतिकशास्त्राचे सर घाईत शिकवतात, मागच्या रविवारी तिला इतके कमी गुण पडले की ती जिन्यात बसून रडली, मग आईला फोन करून पुन्हा रडली, मग कचोरी खाऊन झोपली. हिंगाचा घमघमाट असलेली उडदाच्या डाळीची ही कचोरी तेथे फार प्रसिद्ध आहे. हे सारे ती हसत हसत सांगत होती, आणि आमची मुलगी वहीच्या कोपऱ्याला दुमड घालीत बसली होती.

मी गेली सव्वीस वर्षे बालवाडीत शिकवते. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकाच चाळीतली, एकाच परिस्थितीतली मुले वर्गात येतात. एक आईचा पदर सोडीत नाही, दुसरे दारातच भोकाड पसरते आणि दहा मिनिटांत ठोकळे खेळू लागते. तिसरे रडतही नाही, बोलतही नाही, भिंतीला टेकून उभे राहते. पहिल्या दोघांची चिंता शिक्षिका करते; तिसऱ्याला सारे शहाणे म्हणतात. आमची भाची अशी तिसऱ्यातली. लहानपणी ताप चढला तरी सांगायची नाही, अंग तापलेले हाताला लागले की कळायचे. आम्ही त्याचे कौतुकच करीत आलो. ‘पोरगी समजूतदार आहे, घरची परिस्थिती जाणते.’

न्यूयॉर्कला अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने 1956 पासून पुढे कित्येक वर्षे मुलांच्या स्वभावाचा अभ्यास केला होता. समुपदेशनाचा अभ्यासक्रम करताना मला तो वाचायला मिळाला. तान्हेपणापासून मुलांचे स्वभाव वेगळे असतात, कोणी चटकन रुळते, कोणी सावकाश, कोणी फार हट्टी, हे त्यांनी दाखवले. पण त्यांचा मुख्य मुद्दा पुढचा होता. कोणताही स्वभाव मुळात वाईट नसतो. तो स्वभाव आणि घरचे वागणे यांचा मेळ बसतो की नाही, यावर मुलाचे बरेवाईट ठरते. बडबड्या मुलीला घराने विचारले नाही तरी ती सांगते. अबोल मुलीला निराळ्या रीतीने विचारावे लागते. आणि आपण दोघींनाही एकच प्रश्न विचारतो: किती पडले?

हा प्रश्न कोट्यात रविवारी रात्री विचारला जातो. रविवारी चाचणी असते. त्यानंतर वसतिगृहांच्या गच्च्यांवर, जिन्यांत, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर मुले कानाला फोन लावून उभी असतात. आम्ही रविवारी संध्याकाळी तेथून चाललो होतो. भाषा पाच-सहा ऐकू आल्या, पण सूर एकच. “हां पापा. नहीं पापा. अगली बार, पापा.”

आईबापांनाही दोष देता येत नाही. 2025 साली या डॉक्टरकीच्या परीक्षेला देशभरातून 22 लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या सरकारी, म्हणजे आपल्यासारख्यांना परवडणाऱ्या, साधारण निम्म्या. हा हिशेब कोणाच्याही पोटात गोळा आणील. ज्याने पतपेढीचा हप्ता भरला आहे तो गुण विचारणारच. पण या हिशेबात नापास होणारी वीस-एकवीस लाख मुले आहेत आणि त्यांतली बहुतेक हुशारच आहेत, हे कोणी मुलांना सांगत नाही. त्या खांबांवर त्यांचे चेहरे नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाचीच्या क्लासला गेलो. नाव सांगत नाही, सगळीकडे प्रकार तोच. तेथे खिडकीवरच्या बाईंनी यादी पाहून सहज सांगितले की मुलीची बॅच ऑक्टोबरातच बदलली आहे. गुण कमी होत गेले म्हणून ती दोन पायऱ्या खाली गेली. घरी याचा पत्ता नव्हता. दर रविवारी ती फोनवर “ठीक आहे” म्हणत होती. मेहुण्यांनी बाईंना दोनदा विचारले, “नाव बरोबर वाचलंत ना?” मग ते बाहेर येऊन मोटारसायकलींच्या रांगेजवळ उभे राहिले. मुलगी त्यांच्यापासून चार पावलांवर. तिचा चेहरा जसा सकाळी होता तसाच.

गुणांवरून मुलांची वर्गवारी करणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे शक्य तो टाळावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या जुलैत दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. वर्षापूर्वी, 2024 च्या जानेवारीत, सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात घेऊ नये अशी केंद्र सरकारची सूचना निघाली. त्याआधी 2023 च्या ऑगस्टमध्ये जिल्हा प्रशासनाने चाचण्या दोन महिने थांबवल्या आणि वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग लावण्याचा हुकूम काढला. ही सारी हालचाल कशामुळे झाली ते वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. त्या एका वर्षात कोट्यात पंचविसाहून अधिक मुलांनी आपला जीव संपवला. कोणा एकाच कारणाने कोणी जीव देत नाही, हे डॉक्टर मंडळी आवर्जून सांगतात आणि ते खरे आहे. स्वभाव असतो, घर असते, कर्ज असते, एकटेपणा असतो, आजार असतो. तरी हुकुमांची ती यादी वाचताना मनात येते की पंख्याला स्प्रिंग बसवणे सोपे. मुलीच्या मनात दोन महिने काय चालले आहे ते बाहेर काढणे, याला हुकूम नाही.

तळवंडीत एक राधाकृष्णाचे मंदिर आहे. आपण नवस-सायास मानणारे लोक नाही, पण त्याची भिंत पाहण्यासारखी आहे म्हणून भाचीच्या सोबतिणीने आम्हांला नेले. भिंतीवर मुलांनी पेनाने, पेन्सिलीने, मिळेल त्याने लिहिले आहे, खांद्यापासून डोक्याच्या वरपर्यंत, अक्षरावर अक्षर. कोणाला आयआयटी हवी, कोणाला दिल्लीचे एम्स, कोणी नुसता आकडा लिहिला आहे. पण खाली वाकून वाचू लागले की दुसरेच दिसते. आईची आठवण येते. बाबांचे कर्ज फिटू दे. मला झोप लागू दे. एका मुलाने नुसती क्षमा मागितली होती, कोणाची ते लिहिले नव्हते. भिंत भरली की तिला अधूनमधून चुना मारतात आणि मुले पुन्हा लिहू लागतात. मला त्यात देवभक्ती फारशी दिसली नाही. जे घरी फोनवर बोलता येत नाही ते लिहायला एक भिंत सापडली आहे, इतकेच.

मी भाचीला विचारले, “तू लिहिलंस काही?”

“मी कशाला लिहू?” ती म्हणाली. नंतर, चपला घालता घालता, खाली मान घालूनच म्हणाली, “मावशी, मला क्लासमध्ये म्हणतात, तेरा क्या, तेरा तो कोटे से हो जाएगा.”

गावाचे नाव कोटा आणि टोमणाही कोट्याचा. ही गोष्ट तिने ऑगस्टपासून पोटात ठेवली होती. फॉर्म भरताना जातीचा दाखला जोडला, तो मागच्या बाकावरच्या कोणी पाहिला, तेव्हापासून हे सुरू झाले. गुण चांगले पडले की ‘तुला एवढ्यांची गरज काय’, कमी पडले की ‘तुला काय फरक पडतो’. तिने उत्तर दिले नाही, तक्रार केली नाही, रडली नाही. फक्त वर्गात हात वर करून शंका विचारणे बंद केले. शंका साठत गेल्या, गुण उतरत गेले, बॅच उतरली, आणि बॅच उतरल्याचे घरी सांगता येईना. क्लासच्या हिशेबात मुलगी भौतिकशास्त्रात कच्ची ठरली.

राग, लाज, भीती दाबून टाकणे यालाच आपल्याकडे ‘मन खंबीर असणे’ म्हणतात. अमेरिकेत जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस या दोघा मानसशास्त्रज्ञांनी यावर काही प्रयोग केले, ते 2000 साली प्रसिद्ध झाले. मन हेलावून टाकणारी दृश्ये दाखवताना काही जणांना सांगितले, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. नंतर त्या दृश्यांबद्दल विचारले तर अशा लोकांना बारकावे कमी आठवले. भावना आत तशीच राहते, ती दाबून धरण्यात डोक्याची शक्ती खर्च होते, आणि समोर जे चालले आहे ते नीट टिपले जात नाही. ज्यांना तीच दृश्ये वेगळ्या नजरेने, उदाहरणार्थ डॉक्टरच्या नजरेने, पाहायला सांगितले होते त्यांची आठवण तशी घटली नाही. मला हे वाचले तेव्हा बरे वाटले होते, कोट्यात ते आठवून अंगावर काटा आला. जी मुलगी रोज सहा तास वर्गात चेहरा सांभाळीत बसते, तिचा अर्धा मेंदू चेहऱ्यावरच खर्च होत असेल तर गुण कुठून पडणार?

त्या संध्याकाळी आम्ही तिघे किशोर सागर तलावाच्या काठी गेलो. तलावाच्या मध्यभागी जगमंदिर नावाचा लाल दगडाचा छोटा महाल आहे आणि एका बाजूच्या बागेत जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. ताजमहाल आणि आयफेल टॉवर शेजारी शेजारी. मेहुण्यांना हे काही दिसत नव्हते. मी त्यांना मंदिरापाशी कळलेले सांगितले होते, मुलीच्या संमतीनेच. थंडी पडू लागली होती. त्यांनी शेंगदाणे घेतले, तिच्या ओंजळीत ओतले, आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “मी ट्रेड टेस्टला दोनदा बसलो हे तुला माहीत हाय का?”

तिला माहीत नव्हते. मलाही नव्हते.

पहिल्या खेपेस ते नापास झाले होते. लग्नाआधीची गोष्ट. कारखान्यातील एकाने तेव्हा त्यांना ऐकवले होते की तुम्हां लोकांना टेस्ट कशाला, तुम्हांला असेच घेतात. ते तीन दिवस कामावरून आले की कोणाशी बोलत नसत. त्यांची आई, म्हणजे मुलीची आजी, झाडूवाली होती. तिने चौथ्या दिवशी ताट वाढून समोर बसून म्हटले, “आज जेवताना सांग, न्हाईतर मी पन जेवत न्हाई.” मग त्यांनी सांगितले. म्हातारी म्हणाली, तो तुला जे बोलला ते त्याच्याकडं ऱ्हाऊ दे, तुला कुठला जॉब जमला न्हाई ते सांग. मग शेजारच्या एका जुन्या फिटरकडे ते दोन महिने संध्याकाळी जात राहिले.

हे सांगताना मेहुणे मुलीकडे पाहत नव्हते, पाण्याकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “राखीव जागा म्हंजे कोनी दिलेली भीक न्हाई. तितंबी आपल्याच हजारो पोरांशी टक्कर हाय. बाबासायबांनी हक्क लिहून दिलाय, पेपर तुलाच लिवायचाय.” मुलगी रडू लागली. पहिल्यांदा नुसते खांदे हलत होते, मग मोठ्याने. बागेत फिरायला आलेले लोक पाहू लागले. मेहुण्यांनी खिशातून रुमाल काढला, तो ग्रीसचा निघाला, तो परत ठेवला आणि शर्टाची बाही पुढे केली.

घरे अशी असतात. ज्या बापाने वीस वर्षे आपले अपयश सांगितले नाही, त्याची मुलगी आपले अपयश कसे सांगणार? तिला भित्रा-अबोल स्वभाव जन्मतः मिळाला असेलही, पण न सांगण्याची रीत तिने घरातच पाहिली. आपल्या पुष्कळ घरांत बापाच्या कष्टांच्या गोष्टी सांगतात. अनवाणी शाळेत गेलो, दिव्याखाली अभ्यास केला. त्या सांगाव्यातच. पण त्यांतला बाप नेहमी जिंकलेला असतो. मुलाने त्या गोष्टीशेजारी आपली उतरलेली बॅच कशी ठेवावी?

तिसऱ्या दिवशी मी एकटीच वसतिगृहाच्या खानावळीत बसले होते. पोळ्या लाटणाऱ्या बाई तेथल्याच, पन्नाशीच्या. त्यांनी विचारले, “आप दो सौ चार वाली की मौसी हो?” आणि मग म्हणाल्या की ही मुलगी ऑक्टोबरात आठवडाभर रात्रीच्या जेवणाला आलीच नाही, तेव्हा त्यांनी स्वतः ताट वर नेले होते. दार वाजवून, ती खाईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. मला आश्चर्य वाटले तेव्हा त्यांनी सांगितले की पोलिसांनीच तशी मोहीम काढली होती, ‘दरवाजे पे दस्तक’ नावाची, 2023 साली. खानावळवाले, डबेवाले, वॉर्डन यांना सांगितले होते की मूल जेवायला आले नाही, डबा तसाच परत आला, तर दार वाजवा, आणि कळवा. “मैं तो पहले भी बजाती थी,” बाई म्हणाल्या, आणि पोळी उलटली.

हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या एका बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 बालकांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या अभ्यासक बायांनी ती चाळिशीला येईपर्यंत माग ठेवला होता. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गरिबांची पुष्कळ मुले त्यांत होती. दारिद्र्य, घरातली भांडणे, आईबापांचे दारूचे व्यसन किंवा मनाचे आजार, अशी अनेक संकटे एकाच वेळी ज्यांच्या वाट्याला आली त्यांतलीही जवळजवळ एक तृतीयांश मुले धड, कर्ती, मायाळू माणसे झाली. त्यांच्यात काय होते म्हणून पाहिले तर तीन गोष्टी आढळल्या. माणसांना आपलेसे करणारा स्वभाव, घरात निदान एका माणसाशी घट्ट नाते, मग ती आजी असो की थोरली बहीण, आणि घराबाहेरचे कोणीतरी. शिक्षक, शेजारी, कोणीही. कवाई कोट्यापासून हजारो मैल दूर, पण त्या पोळ्या लाटणाऱ्या बाईंकडे पाहताना मला तो अभ्यास पहिल्यांदा नीट समजला. अबोल मुलीला पहिली गोष्ट स्वतःहून जमत नाही, म्हणून तिला दुसरी आणि तिसरी जास्त लागते.

निघण्याच्या दिवशी सकाळी बापलेकींनी खोलीत बसून काही गोष्टी ठरवल्या. मी दारापाशी पिशव्या बांधत ऐकत होते. मेच्या परीक्षेपर्यंत ती तेथेच राहणार. ते तिनेच सांगितले. रविवारी फोन करायचा नाही, बुधवारी करायचा, आणि त्यात गुणांचा विषय तिने काढला तरच. आधी धाकट्या भावाला फोन द्यायचा, कारण त्याच्याशी ती हसते. रोज एक शंका सरांना विचारायची, मागून कोणी काही म्हणाले तरी, आणि कोण काय म्हणाले ते त्याच रात्री वहीच्या शेवटच्या पानावर लिहून बुधवारी वाचून दाखवायचे. नाही लागला नंबर तर नर्सिंग, फिजिओथेरपी, बी.एस्सी. यांचे फॉर्म भरायचे. मेहुणे हे शब्द अडखळत म्हणाले, पण म्हणाले. मी एका कागदावर 14416 हा आकडा लिहून वेळापत्रकाशेजारी चिकटवला. केंद्र सरकारची ही ‘टेली-मानस’ सेवा 2022 साली सुरू झाली. रात्रंदिवस आणि फुकट, मराठीतही बोलता येते. तसाच एक कागद सोबतिणीने मागून घेतला. मला वाटले होते तिला गरज नसेल. रडून मोकळे होणाऱ्यांनाही कधी कधी लागतो म्हणे.

मेहुण्यांनी परतीच्या गाडीत आपल्या फोनमध्ये दर बुधवारचा गजर लावला. नऊ वाजताचा. मग म्हणाले, “नऊला तिचं जेवन व्हतं. साडेनऊ करू का?” मी म्हटले, करा.